झोपडीतली शाळा आणि आपल्या गटाची पेटी



संक्रांतीच्या महिन्यात कुरुंद्याजवळच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. मग वाण लुटायचं ठरलं आणि हळदी-कुंकवाचं ताट बाहेर आलं. तेवढ्यात गटातली एक ताई उठली. "लेकरू रडायलंय, येते मी," म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. लेकरू कुठं रडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. वय असेल पंचवीस-सव्वीस.

तिला कुणी 'जा' म्हणालं नाही. पण 'थांब' असंही कुणी म्हणालं नाही. खरं सांगते, मीसुद्धा म्हणाले नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, ताटाकडं बघत बसले.

नंतर तिच्याशी बोलले. आठवी झाली होती तिची. लग्न ठरलं आणि शाळा सुटली. पुढं शिकणार का, असं विचारलं तर हसली. "आता काय शिकू मॅडम? माझं वय गेलं की."

त्या दिवसापासून ठरवलं होतं, आपल्या अंकात एका शाळेची गोष्ट लिहायची. ही शाळा आपल्याकडची नाही, पुण्याची आहे. पण ती सुरू झाली ती नेमकी अशाच एका दाराबाहेर उभ्या केलेल्या बाईसाठी. शाळेचं नाव हिंगण्याचा आश्रम. आज तिला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणतात.

ती शाळा कुणासाठी निघाली?

मुलींच्या शाळेचं नाव काढलं की आपल्याला सावित्रीबाई आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या. लोकांनी शेण मारलं तरी सावित्रीबाई शाळेत जात राहिल्या. ती वाट त्यांनी पाडली म्हणून पुढच्यांना चालता आलं.

पण त्यानंतरही पन्नास वर्षं एका बाईचं दुःख तसंच होतं. त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न व्हायचं. नवरा वारला की ती विधवा. खेळायच्या वयात तिच्या कपाळाचं कुंकू पुसलं जायचं. ब्राह्मण घरांत तर डोक्यावरचे केस काढत, अंगावर आलवण नावाचं एकच लाल लुगडं, एका वेळचं जेवण आणि जन्मभर घरातलं राबणं. तिला कुणी काही विचारायचं नाही आणि शुभकार्यात समोर येऊ द्यायचं नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढलं, तिथं अशा मुलींना राहायला आणि शिकायला मिळू लागलं. पुढं ते पुण्यात आलं. या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. अगदी लहानपणी विधवा झालेली, कोकणातली मुलगी. अक्षरओळखीपासून तिनं सुरुवात केली तेव्हा तिचं वय विशीच्या पुढं होतं.

गोदूबाईच्या भावाचे मित्र होते धोंडो केशव कर्वे. तेही कोकणातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. गरिबीत शिकलेला माणूस. शाळेत असताना एका परीक्षेसाठी शंभर मैलांहून जास्त अंतर तुडवत ते साताऱ्याला गेले, आणि तिथं "तू वयानं लहान दिसतोस" म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच परत आले. पण शिकायचं सोडलं नाही. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. त्याच साली त्यांची पहिली बायको वारली.

तेव्हाची रीत अशी होती की चाळिशीतल्या बिजवरालाही दहा-बारा वर्षांची पोरगी सहज मिळायची. कर्व्यांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईशी लग्न केलं. तिचं नाव आनंदीबाई झालं. पुढं सगळे तिला 'बाया' म्हणायचे.

गावानं काय केलं? मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या पंगतीला बसायचं नाही, त्यांच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. म्हाताऱ्या आईलाही त्याची झळ लागली. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एक हजार रुपये आणि एक झोपडी

कर्व्यांच्या लक्षात आलं की एका विधवेशी लग्न केल्यानं एका बाईचा प्रश्न सुटतो. हजारोंचं काय? सगळ्यांना लग्न करायचं नसतं, सगळ्यांना करताही येत नाही. पण स्वतःच्या पायावर उभं राहणं सगळ्यांनाच लागतं. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पहिली रक्कम स्वतःच घातली, साठवलेले एक हजार रुपये. त्या काळी ही एका मास्तराची आयुष्यभराची शिल्लक.

आश्रम आधी पुणे शहरात होता. मग प्लेगची साथ आली. गावाबाहेर हिंगणे म्हणून खेडं होतं. तिथं गोखले नावाच्या एका सद्गृहस्थानं सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली. तीच शाळा, तेच वसतिगृह, तोच स्वयंपाक. चार-दोन मुली आणि भोवती रान. ती झोपडी संस्थेनं आजही जपून ठेवलीय.

कर्व्यांची नोकरी पुण्यात आणि मुली हिंगण्यात. कॉलेज सुटलं की ते पायी निघायचे, चार मैल. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. जाताना आश्रमाला लागणारं सामान हातात. तिथं मुलींना शिकवायचं, त्यांची विचारपूस करायची, आणि पुन्हा परत. हे काही महिना-दोन महिने चाललं नाही, वर्षानुवर्षं चाललं.

इथं मला बायांचं नाव मुद्दाम घ्यायचंय. कर्वे जवळ होतं-नव्हतं ते आश्रमाला द्यायचे. मग घरात पीठ कुठून यायचं? पोरं कशी वाढायची? तो सगळा भार बायांनी ओढला. त्या सुईणीचं काम शिकल्या, घरी माणसं ठेवून चार पैसे मिळवले, आणि वर आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. 'माझे पुराण' म्हणून त्यांचं आत्मचरित्र आहे. मोठ्या माणसाच्या घरात चूल कोण पेटती ठेवतं, हे कळायचं असेल तर ते पुस्तक वाचावं.

विशी उलटल्यावर पाटी धरलेली बाई

आता ज्या बाईसाठी मी हा लेख लिहायला बसले, तिच्याकडं येते. पार्वतीबाई आठवले. बायांची धाकटी बहीण.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न झालं. विसाव्या वर्षी नवरा वारला, पदरी एक मुलगा. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. रीतीप्रमाणे केस काढलेले, आलवण नेसलेलं. बहीण पुण्यात होती, तिच्या आधारानं पुण्यात आल्या आणि लहान पोरींच्या सोबत बसून अ-आ-ई शिकल्या. विचार करा ताईंनो, स्वतःचं पोरगं शाळेत जायच्या वयाचं आणि आईच्या हातात पाटी.

त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि आश्रमाचं काम अंगावर घेतलं. मग आश्रमासाठी पैसे मागायला बाहेर पडल्या. गावोगाव हिंडल्या, सभेत उभ्या राहून बोलल्या. ज्या बाईचं तोंड बघणं अपशकुन मानलं जायचं, ती बाई शेकडो माणसांसमोर बोलत होती. पुढं त्यांनी केस काढायची रीत सोडून दिली. त्याबद्दल टीका झाली, ती सोसली.

आणि पुढचं ऐका. इंग्रजी येत नाही म्हणून कामात अडतंय, असं त्यांना वाटायचं. तर १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरात धुणंभांडी, घरकाम करून पोट भरलं, भाषा शिकली आणि परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागली. 'माझी कहाणी' या नावानं त्यांनी आपलं आयुष्य लिहून ठेवलंय.

"माझं वय गेलं की," असं कुणी म्हणालं की मला आता पार्वतीबाई आठवतात.

शाळेनं काय धरून ठेवलं?

शाळा टिकते ती भिंतींमुळं टिकत नाही. तिनं काही गोष्टी धरून ठेवलेल्या असतात. हिंगण्याच्या शाळेतल्या मला दिसलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, शिकून स्वतःच्या पायावर उभं राहणं. तिथं नुसती विधवांची सोय करायची नव्हती. कुणी शिक्षिका व्हावी, कुणी नर्स व्हावी, आपलं पोट आपण भरावं, हा हेतू होता. दया दाखवून दोन घास देणं आणि कमवायचं बळ देणं यात फरक आहे. आपला गटही याच पायावर उभा आहे ना?

दुसरी, पै-पैचा हिशेब. कर्वे मोठी देणगी आनंदानं घ्यायचे आणि एक आणाही तेवढ्याच आदरानं घ्यायचे. प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला पावती. म्हणून लोकांचा विश्वास बसला. पुढं संस्थेनं भाऊबीज निधी सुरू केला. दिवाळीत कार्यकर्ते घरोघर जातात आणि शिकणाऱ्या बहिणींसाठी भाऊबीज मागतात. जिला भाऊ विचारत नाही तिला सगळा समाज भाऊ झाला, असा त्याचा अर्थ.

तिसरी, आपल्या भाषेत शिक्षण. १९१६ साली कर्व्यांनी याच हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिकवायची भाषा मराठी, म्हणजे बाईला समजेल ती. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एस.एन.डी.टी. म्हणतात ते हेच.

चौथी, थांबायचं नाही. आधी विधवांचा आश्रम. मग १९०७ साली कुमारिकांसाठी महिला विद्यालय, कारण लहानपणी लग्न होऊन नंतर विधवा झाल्यावर शिकवण्यापेक्षा आधीच शिकवलेलं बरं. मग विद्यापीठ. आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून हा म्हातारा पुन्हा वर्गणी मागत फिरू लागला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ज्या माणसाला गावानं पंगतीतून उठवलं, त्याला देशानं असा मान दिला. १९६२ साली ते गेले.

आज त्या माळावर बालवाडीपासून मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत सगळं आहे. त्या भागाचं नावच कर्वेनगर पडलंय.

उणं होतं तेही सांगते

नुसतं गोडगोड सांगितलं तर ती आरती होईल. या शाळेत उणंही होतं. सुरुवातीच्या काळात आश्रमात प्रामुख्यानं ब्राह्मण घरातल्याच विधवा होत्या. आपल्यासारख्या शेतात राबणाऱ्या, वस्ती-तांड्यावरच्या बायांना ते दार उघडं व्हायला वेळ लागला. जोतीराव-सावित्रीबाईंनी मात्र पन्नास वर्षं आधी शूद्र-अतिशूद्रांच्या लेकींसाठी शाळा काढल्या होत्या. महिला विद्यापीठात बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम होता, त्यात घरकाम, आरोग्य, बालसंगोपन यांना जागा होती. तेव्हाही काहींनी विचारलं, बायकांना वेगळं का शिकवायचं? पुरुष शिकतात तेच का नको? प्रश्न बरोबर होता. आज त्याच संस्थेत मुली इंजिनिअर होतात, म्हणजे संस्थाही शिकली.

हे सांगायचं कारण, चांगलं काम करणाऱ्यांनाही सगळं एकदम दिसत नाही. आपल्याला तरी कुठं दिसतं? गटात आपण सगळ्या बहिणी म्हणतो आणि हळदी-कुंकवाच्या वेळी एक बहीण दाराबाहेर असते.

आता आपल्याकडं या

आपल्या भागात हळद म्हणजे जीव की प्राण. पण हळदीची काढणी आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी येते, फेब्रुवारी-मार्चात. काढणी, शिजवणी, वाळवणी, मजूर मिळत नाहीत. मग घरातली पोरगी बसते घरी. एखाद्या घरची माणसं ऊसतोडीला जातात आणि पोरगी लहान भावंडांना सांभाळायला मागं राहते नाहीतर सोबत जाते. दहावीनंतर वसमतला जायचं म्हटलं की "एकटी कशी जाईल?" आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, "स्थळ आलंय, चांगलं आहे." हिंगण्याची झोपडी सव्वाशे वर्षांपूर्वीची, पण प्रश्न अजून आपल्या ओसरीवर बसलेला आहे.

आपण काय करू शकतो? मोठं काही नाही, हातातलं सांगते.

शाळा सुटली असेल तर दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो एवढं जवळ ठेवा आणि जवळच्या हायस्कूलमध्ये फॉर्मची तारीख विचारा. पोरींसाठी आहे, तसा तुमच्यासाठीही आहे. त्यापुढं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरकाम सांभाळून शिकता येतं.

शाळा लांब असेल तर गावात पुढच्या वर्गाची सोय नसलेल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मुख्याध्यापकांकडं विचारा. एक पोरगी एकटी जायला भिते, चौघी मिळून गेल्या तर भीत नाहीत. त्या चौघींच्या आया एका गटात असतील तर बोलणं सोपं.

लग्न ठरवत असतील तर मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. लावून देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह रोखणारे अधिकारी असतात, अंगणवाडी ताई त्यांना मदत करतात. फोन करायचा असेल तर १०९८. पण त्याच्या आधी त्या आईशी बोला. बहुतेक वेळा तिलाही ते नको असतं, तिच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नसतं.

पैसे अडले असतील तर आपली पेटी आहे. समजा, बारा बायांच्या गटानं बचतीशिवाय महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला काढले. महिन्याचे १२०, वर्षाचे १,४४० रुपये. एका पोरीची वह्या-पुस्तकं आणि परीक्षेची फी निघते. ग्रामसंघातल्या दहा गटांनी केलं तर वर्षाला १४,४०० रुपये. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. फक्त वही वेगळी ठेवा आणि एका रुपयाचीही नोंद सोडू नका.

आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या ताईचं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. मग सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव ग्रामसभेत होईल तेव्हा होईल, आपल्या बैठकीत तर आजच होऊ शकतो. ताट फिरवणाऱ्या हाताला फक्त एक पाऊल जास्त टाकायचंय, दारापर्यंत. आणि तिला लावून घ्यायचं नसेल तर तीही तिची मर्जी. विचारायचं मात्र आपण.

मी पुन्हा त्या गटात गेले तेव्हा ही सगळी गोष्ट तिथं सांगितली. पार्वतीबाईंचं अमेरिकेला जाणं ऐकून बाया आधी हसल्या, मग गप्प बसल्या. बैठक संपली. मी गाडीला किक मारत होते तेव्हा ती ताई मागून आली.

"मॅडम, ते सतरा नंबरचं काय म्हणालात? माझा दाखला माहेरी आहे. आणून ठेवू का?"

"आणून ठेवा," म्हणाले मी.

ताईंनो, पुढच्या बैठकीत बचत झाली की पाच मिनिटं काढा. आपल्या गटात शाळा सुटलेल्या किती पोरी आहेत, आणि शिकायचं राहून गेलेल्या किती बाया आहेत, एवढी यादी करा. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली तरी चालेल. पुढच्या भेटीत मी ते पान आधी बघणार आहे.